मिनामाटा: जोड्या लावा, पारा आणि मासे

जपानच्या क्युशू बेटावर येणारे लोक कुमामोतोचा किल्ला बघतात, आसोचा ज्वालामुखी बघतात, गरम पाण्याच्या कुंडात डुंबतात. मी वाट वाकडी करून मिनामाटाला गेले. शाळेत 'जोड्या लावा'मध्ये मिनामाटासमोर पारा लिहून गुण मिळवला होता, त्यापलीकडे गावाची माहिती शून्य.

जुन्या स्टेशनातून बाहेर पडलं की समोरच कारखान्याचं फाटक. चिस्सो कंपनीचा हा कारखाना. अख्ख्या गावाचं पोट त्याच्यावर, त्यामुळे तक्रार करणाऱ्या कोळ्यांनाच शेजारीपाजारी टाळायचे. ॲसिटाल्डिहाइड नावाचं रसायन बनवताना इथे पारा वापरत आणि त्यातून तयार झालेला मिथिल पारा, म्हणजे पाऱ्याचं विषारी संयुग, १९३२ ते १९६८ सांडपाण्यातून समुद्रात जात राहिला. एवढा मोठा समुद्र, त्यात कुठे काय होतंय, हे आपल्याकडेही सर्रास ऐकू येतं. पण समुद्राने पांगवलेलं विष मासे पुन्हा गोळा करतात: आधी सूक्ष्म जीव, मग बारके मासे, मग त्यांना खाणारे मोठे. प्रत्येक पायरीवर प्रमाण वाढतं. शेवटी माणूस, आणि त्यातही रोज मासे खाणारा गरीब कोळी. आम्ही कोकणातले, त्यामुळे हे वाचताना घास अडकल्यासारखं झालं.

संग्रहालयात मांजरांची हकीकत आहे. आधी मांजरं झोकांड्या खात, गरगर फिरत, समुद्रात पडत. मग माणसांचे हात कापू लागले, बोलणं अडखळू लागलं. १ मे १९५६ ला कंपनीच्याच इस्पितळाचे प्रमुख डॉ. होसोकावा यांनी या अनोळखी आजाराबद्दल आरोग्य केंद्राला कळवलं. १९५९ मध्ये त्यांनी कारखान्याचं सांडपाणी अन्नात मिसळून एका मांजराला दिलं. तेही आजारी पडलं. कंपनीने निष्कर्ष दाबून ठेवला आणि पाणी आणखी नऊ वर्षं वाहत राहिलं. चीड येते ती या नऊ वर्षांची. वार आईच्या पोटातल्या बाळाचं विषापासून रक्षण करते, हा तोवरचा समजही इथेच मोडला.

खाडीतला पाऱ्याचा गाळ उपसून, भराव टाकून ५८ हेक्टर जमीन केली. तिथे आता गुलाबाची बाग आहे, समुद्राकडे तोंड करून रुग्णांनी कोरलेल्या छोट्या दगडी मूर्ती आहेत. १९९७ मध्ये इथले मासे सुरक्षित ठरले. दुपारी भातावर पांढरे बारीक शिरासू मासे घेतले. छान होते, लिंबू मात्र हवं होतं.

पारा काही जपानपुरता नाही. ॲमेझॉनच्या खोऱ्यात सोनं काढायला आजही तो सर्रास वापरतात आणि नदीतले मासे खाणारे आदिवासी ते भोगतात. दगडी कोळशाच्या धुरातूनही तो समुद्रात उतरतो. म्हणून २०१३ मध्ये पाऱ्यावरचा मिनामाटा करार झाला. भारतानेही २०१८ मध्ये तो मान्य केला. कराराला हे नाव द्यायला इथल्या काही रुग्णांचा विरोध होता, आमचाच प्रश्न अजून सुटलेला नाही म्हणून. मला तो पटतो. अधिकृत रुग्ण धरले गेले जेमतेम २,३००. अर्ज फेटाळलेले हजारो, आणि त्यांचे खटले अजून चालूच आहेत.