उधारीच्या गावात जीएसटी भरताना

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात माझं कृषी केंद्र आहे. बियाण्यावर जीएसटी नाही, पण वर्षाची उलाढाल मोजताना तेही धरतात. त्यामुळे दुकान ४० लाखांची मर्यादा ओलांडणार हे दिसलं आणि नोंदणीला लागलो.

नोंदणीला सरकारी फी नाही. वेळ गेला तो कागदांत. वीजबिल आजोबांच्या नावावर, नमुना ८, म्हणजे ग्रामपंचायतीचा मालमत्तेचा उतारा, वडिलांच्या. संमतीपत्र जोडूनही ऑनलाइन शंका आलीच. उत्तराला ७ कामकाजाचे दिवस मिळतात. तेवढ्यात ग्रामपंचायतीतून ताजा उतारा काढून लावला आणि नंबर मिळाला.

कंपोझिशन, म्हणजे छोट्या व्यापाऱ्यांसाठीची जीएसटीची सोपी योजना, घेतलं. खत-औषधाच्या विक्रीवर १ टक्का कर, तिमाही संपली की पुढच्या महिन्याच्या १८ तारखेपर्यंत. तो गिऱ्हाइकाकडून वेगळा घेता येत नाही. शिवाय खरेदीत खतावर ५ आणि कीटकनाशकावर १८ टक्के भरलेले असतात, त्याचं क्रेडिटही, म्हणजे वजावटही, नाही. तरी हिशेब सोपा राहतो म्हणून मला हेच परवडतं.

खरी ओढाताण जुलैत होते. मृगाच्या पावसावर दुकानात गर्दी उसळते आणि बहुतेक माल वहीवर जातो. पैसे आले नसले तरी जूनमध्ये दिलेलं खत जूनचीच विक्री. १८ जुलैला कर भरायचा, चुकलं तर वर्षाला १८ टक्के दराने व्याज. शेतकऱ्याच्या हाती पैसा येतो कापूस विकल्यावर, दिवाळीच्या आगेमागे. त्याच जुलैत वितरकही रोख मागतो. गावातला दुकानदार वहीवरची विक्री दाखवायला कचरतो, त्यामागे मला तरी लबाडीपेक्षा ही तंगीच जास्त दिसते.

बिलाचंही तसंच. ‘‘बिलाचं काय करू भाऊ, कापूस निघाला का देतो ना पैसे,’’ असं म्हणणारा माणूस बियाण्याचं बिल मात्र जपून ठेवतो. उगवण झाली नाही तर तक्रार करताना बिल आणि लॉट नंबर लागतो, हे त्याला ठाऊक आहे. म्हणून मी औषधाचं बिलही त्याच पिशवीत टाकतो.

आता रोजच्या रोख विक्रीतून कराची रक्कम वेगळ्या खात्यात टाकतो, उधारीवर गेलेल्या मालाचीसुद्धा. शेजारच्या गावांतले दुकानदार नोंदणीचं विचारायला येतात, त्यांना कागदांची यादी लिहून देतो. त्यांचा पुढचा प्रश्न जुलैचाच असतो. कापूसपट्ट्यातल्या छोट्या दुकानांना एप्रिल-जूनचा कर व्याजाशिवाय डिसेंबरपर्यंत भरू द्यावा, असं मला मनापासून वाटतं.