मंडपेश्वर : लेण्याच्या माथ्यावरचा मठ

मुंबईत बोरिवलीजवळ, मेट्रोच्या २अ मार्गावर मंडपेश्वर नावाचं स्थानक आहे. तिथून आयसी कॉलनीकडे निघालं की रिक्षावाल्याला ‘मंडपेश्वर गुंफा’ म्हणायचं, नुसतं ‘मंडपेश्वर’ म्हटलं तर तो कुठल्याही सोसायटीपाशी सोडेल. आवारात शिरल्यावर बहुतेक जण सरळ आत जाऊन पिंडीला हात लावून परततात. आम्ही आधी मान वर केली. लेण्याच्या माथ्यावर पडक्या भिंती उभ्या आहेत. तो फ्रान्सिस्कन या ख्रिस्ती पंथाचा मठ. आज चारी बाजूंनी इमारती असल्या, तरी मठ उभा राहिला तेव्हा इथे साष्टी बेटातली शेतं आणि दहिसर नदीचा काठ होता.

लेणं मात्र त्याहून हजारएक वर्षांनी जुनं, शैव, साधारण सहाव्या शतकाच्या आसपासचं, जोगेश्वरी आणि घारापुरीच्या कुळातलं. खांबांचा मोठा मंडप, मागे गर्भगृह, बाजूला कक्ष. एका कक्षातला नटराज सोडून घाईने पुढे जाऊ नका. हात-पाय तुटले आहेत, तरी कमरेचा बाक शाबूत आहे आणि भोवतीची देवमंडळीही ओळखता येते. बाकीची शिल्पं इतकी झिजण्याचा सगळा दोष मूर्तिभंजकांना देणं बरोबर नाही. इथला दगड अजिंठ्यासारखा एकसंध काळा बेसॉल्ट नाही, ज्वालामुखीय ब्रेशिया आहे, म्हणजे राखेच्या गाऱ्यात निरनिराळे खडे अडकून घट्ट झालेला. पाणी झिरपलं की गारा आधी झिजतो, खडे सुटतात आणि मूर्तीला देवी रोगाचे व्रण पडल्यासारखं दिसतं. पावसाळ्यात छतातून पाणी कुठून उतरतं हे बघितलं की कुठलं शिल्प आधी गेलं असेल याचा अंदाज येतो.

मालकी बदलली ती डिसेंबर १५३४ पासून. गुजरातच्या बहादूरशहाने तहात वसई आणि साष्टी पोर्तुगीजांना दिली. शतकाच्या मध्याला फादर आंतोनिओ दो पोर्तो इथे आला. दर्शनी खांबांमध्ये भिंत घातली, आत चर्च केलं, वर मठ आणि विद्यालय बांधलं. मंडपेश्वरचं पोर्तुगीज तोंडी मोनपेझिर झालं. माउंट पोइन्सूर हे इथलं नाव त्याच उच्चाराचा अवशेष मानतात. कान्हेरीची बौद्ध लेणीही याच फादरने फ्रान्सिस्कनांच्या ताब्यात आणली होती.

पण खरी कळ वेगळीच आहे. देवळाचं जे उत्पन्न होतं ते पोर्तुगालचा राजा तिसरा जुआंव याने मठाला लावून दिलं. पूर्वी त्यावर दिवाबत्ती चालायची, आता त्याच जमिनींवर पाद्री आणि पोरं जेवू लागली. आमच्या मते मंडपेश्वरचा मालक कोण, हे मूर्तीवरून नव्हे तर या उत्पन्नावरून ठरवावं.

मराठ्यांची पोर्तुगीजांविरुद्धची साष्टीची मोहीम १७३७ मध्ये ठाण्यापासून सुरू झाली आणि मे १७३९ मध्ये वसई पडली. उत्पन्नाचे हक्क गेले, मठ रिकामा झाला. इथे ‘मराठ्यांनी पाडला’ एवढं म्हणून थांबतात, पण पाऊस विसरतात. अशा इमारतींचं छप्पर लाकडी वाशांवर कौलांचं. ते दरवर्षी शाकारावं लागतं, कारण इथे पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. दोन-तीन वर्षं कौलं परतली नाहीत की वासे कुजतात, छप्पर खाली बसतं, मग भिंतीच्या माथ्यातून पाणी आत शिरून चुना धुऊन नेतं.

पुढे १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी साष्टी घेतली आणि मराठ्यांशी झालेल्या १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती त्यांच्याकडेच राहिली. लेण्याशेजारच्या चर्चमध्ये आजही वस्ती आणि प्रार्थना आहे, लेण्यात पूजा आहे. महाशिवरात्रीला रांग लागते, तेव्हा शिल्पं पाहायला जाऊ नये.

जाताना टॉर्च न्या, कक्षांत अंधार असतो. प्रकाश समोरून न पाडता बाजूने, भिंतीला घासून पाडा, तरच छिन्नीच्या खुणा उठतात. एका भिंतीवर जुनी मूर्ती छिनून कोरलेला मोठा क्रूस आहे. त्याच्या कडांवर असा उजेड पाडून बघा.

सध्याची राखण भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे. कायद्याने संरक्षित हद्दीपासून १०० मीटर नव्या बांधकामाला बंदी, त्यापुढचे २०० मीटर परवानगीने. म्हणून पहिल्या पट्ट्यात आलेल्या जुन्या इमारतीची ना-हरकत घेऊन दुरुस्ती होते, पण ती पाडून टॉवर बांधता येत नाही. तिथे घर बघत असाल तर विकासकाच्या नकाशावर विसंबू नका, अंतर लेण्याच्या तोंडापासून नव्हे, संरक्षित हद्दीपासून मोजतात.