मोल्डावाइटच्या गावी: चेस्की क्रुमलोव्हची फेरी

माझ्या डबीतला मोल्डावाइट, म्हणजे अशनीच्या आघातातून झालेल्या नैसर्गिक हिरव्या काचेचा खडा, खोटा निघाला. घरी एका प्रदर्शनात घेतला होता, हिरवागार, नुकताच पाण्यातून काढल्यासारखा चकचकीत. चेक देशातल्या चेस्की क्रुमलोव्हमधल्या दुकानातल्या आजींनी तो भिंगाखाली धरला, हसल्या आणि शेजारी स्वतःचा एक खडा ठेवून भिंग माझ्या हातात दिलं. त्यांच्या खड्यात केसासारखे पिळदार धागे होते, काचेचा प्रवाह गोठलेला दिसत होता, बुडबुडे काही गोल तर काही ओढून लांबवल्यासारखे. माझ्या खड्यात नुसते एकसारखे गोल बुडबुडे. बाटलीची काच, साच्यात ओतलेली.

ते धागे लेशाटेलिएराइटचे, म्हणजे निव्वळ सिलिकाच्या काचेचे. सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वी आजच्या जर्मनीत नोर्डलिंगेनजवळ अशनी आदळली आणि २४ किलोमीटर रुंदीचं रीस विवर झालं. वरची माती-वाळू वितळून उडाली, ती शेकडो किलोमीटरवर, आजच्या चेक प्रदेशात, काच होऊन पडली. चेक लोक तिला व्ल्तावीन म्हणतात, व्ल्तावा नदीवरून. खड्यावरची नक्षी मात्र आघाताची नाही. मातीतल्या आम्लाने ती सावकाश कोरून काढली. बेसेदनित्से गावाजवळचे काटेरी खडे त्यातले सर्वांत देखणे आणि तसेच महाग. मोराव्हियातले तपकिरी झाकेचे असतात, त्यांच्यावर एवढी नक्षी नसते.

प्रागहून ना क्नीझेत्सी स्थानकावरून बस मिळते (मेट्रोच्या बी लाइनवर आंद्येलला उतरा), तीन तास लागतात. उन्हाळ्यात तिकीट आधीच काढा. क्रुमलोव्हमध्ये उतरताना चाकांची बॅग नको, गल्ल्या दगडी आहेत, मी ती अक्षरशः उचलून चालले. खरेदीआधी पान्स्का गल्लीतलं मोल्डावाइटचं संग्रहालय बघा. खरे खडे पाठीमागून उजेड टाकून मांडले आहेत, तासाभरात डोळा तयार होतो. उलट क्रमाने गेलात तर माझ्यासारखं होईल.

आपणच शेतात शोधू, हा विचार मीही केला होता. परवानगीशिवाय खणणं बेकायदेशीर आहे आणि चोरट्या खणकांनी जंगलात केलेल्या खड्ड्यांमुळे तिथली माणसं वैतागलेली आहेत. नांगरलेल्या शेतात पावसानंतर कधी कधी मातीवरच खडे दिसतात, पण शेतही कुणाचं तरी असतं. विचारल्याशिवाय पाय टाकू नका.

विकत घेताना ग्रॅमवर भाव असतो. भिंग स्वतःचं न्या, दहापट पुरे. दोन खड्यांची नक्षी हुबेहूब जुळली तर तो साचा. स्वस्तातली एकसारख्या मण्यांची ब्रेसलेट मी तर हातातही घेणार नाही. पावतीवर 'नैसर्गिक' आणि सापडल्याची जागा लिहून मागा.

दागिने करणाऱ्यांसाठी: ही काच आहे, खिडकीच्या काचेइतकीच कठीण, म्हणून पेंडंटला ठीक, रोजच्या अंगठीला नको. खडा बसवल्यावर गॅसच्या टॉर्चची ज्योत लावू नका, तडकतो. डाग देण्याची (सोल्डरिंगची) सगळी कामं आधी उरका, मग चांदीची कड हलक्या हाताने दाबा. धुवायला अल्ट्रासॉनिक क्लीनर टाळा, साबणपाणी आणि मऊ ब्रश बास. आणि नक्षीदार खडा घासून गुळगुळीत करू नका, मग बाटलीच्या हिरव्या काचेत आणि त्यात फरक कुणाला दिसणार?

आपल्या लोणारलाही आघाताची काच आहे. बेसॉल्ट वितळून झालेली, म्हणून काळी. मात्र तो परिसर अभयारण्य आहे, तिथून खडा उचलायचा नाही.

मी शेवटी ३ ग्रॅमचा एकच घेतला, आजींनी निवडून दिलेला. खोटाही जपून ठेवलाय, पुढच्या प्रदर्शनात शेजारी धरून बघायला.