शिरस्त्राण

दुपारी आवाज बंद करून टीव्ही बघायची मला खोड आहे. घरातले झोपलेले असतात, आणि युद्धपटांचं आवाजावाचून फारसं अडत नाही. परवा असाच एक रोमन सिनेमा लागला होता. सेनापती घोड्यावरून रांगांसमोर येतो, ओरडतो, सैनिक ढाली बडवतात. मग सैन्यं भिडतात आणि हा गृहस्थ पहिलं काम काय करतो, तर डोक्यावरचं शिरस्त्राण काढून फेकतो. चहूकडून बाण, दगड, भाले येताहेत आणि हा केस मोकळे सोडून उभा!

कारण उघड आहे. ज्या चेहऱ्यासाठी निर्मात्याने एवढे पैसे मोजले, तो पत्र्याआड कसा झाकायचा? ग्रीकांच्या कॉरिंथियन शिरस्त्राणात तर डोळ्यांची भोकं आणि तोंडाशी एक फट, बस. आतला नट त्याच्या आईलाही ओळखू येणार नाही.

तरी मी बघते. चडफडत बघते. रोमन स्वाराचा पाय रिकिबीत दिसला की पुटपुटते, कारण युरोपात रिकीब पोचायला सहावं-सातवं शतक उजाडलं. उघड्या माळावरच्या सैन्यावर पेटते बाण सोडले की हसते; बाण पेटवायचे ते छप्परं जाळायला. आणि ते उघड्या छातीचे स्पार्टन! ग्रीसमधल्या स्पार्टा नगराचे हे सैनिक; इ.स.पू. ४८० मध्ये थर्मोपिलीच्या खिंडीत इराणी फौजेशी ब्राँझचं चिलखत घालून लढलेली माणसं ती. शिवाय सिनेमात दाखवतात तसे खिंडीत फक्त तीनशेच नव्हते. सुरुवातीला सगळे मिळून सातेक हजार ग्रीक होते, आणि शेवटच्या दिवशी थेस्पिया या दुसऱ्या ग्रीक नगराचे सातशे जण स्वखुशीने मागे थांबले, असं ग्रीक इतिहासकार हेरोडोटस सांगतो. त्या सातशेंवर सिनेमा काढायचं कुणाच्या मनात येत नाही.

माझ्यासारख्यांची खोड मोडेल अशी एक गोष्ट आहे. २००४ साली आलेल्या अलेक्झांडरवरच्या सिनेमाला सल्ला द्यायला ऑक्सफर्डचे इतिहासकार रॉबिन लेन फॉक्स होते. अलेक्झांडर कोळून प्यायलेला माणूस. त्यांनी मागितलं काय? घोडदळाच्या हल्ल्यात पुढच्या फळीत जागा! मिळालीही. त्याच सिनेमात पोरसबरोबरची लढाई झेलमच्या काठाऐवजी दाट जंगलात होते, आणि ते जंगल थायलंडचं. पण घोडा मिळाल्यावर कोण कशाला तक्रार करेल?

मला खुपतं ते वेगळंच. पडद्यावर मिनिटभरात रांग मोडते आणि जो तो आपापला शत्रू निवडून द्वंद्व खेळायला लागतो. लहानपणी सुट्टीत आम्ही भावंडं हेच करायचो. ढाली म्हणून पातेल्यांची झाकणं, भाले म्हणून केरसुणीचे दांडे. मोठ्या मावसभावाने कुठेतरी वाचलं होतं, म्हणून त्याने आम्हाला जिन्यावर एकामागे एक उभं केलं. मी सगळ्यांत धाकटी, म्हणून शेवटी. मला फक्त पुढच्याची पाठ दिसत होती. शत्रू कुठेय, किती आहेत, काही कळेना; मागून ढकल म्हणाले, ढकलत राहिले. थोड्या वेळाने सगळे कंटाळले आणि प्रत्येकजण राजा झाला.

ग्रीकांची फळी साधारण आठ रांगा खोल असे. म्हणजे बहुतेकांनी लढाईभर पाठच पाहिली असणार. पाठीचा सिनेमा कसा काढणार?

एकदा जवळपास निघाला होता. १९६० च्या ‘स्पार्टाकस’मध्ये रोमन सैन्य म्हणून स्पेनचे सुमारे आठ हजार खरे सैनिक उभे केले. लांबच्या टेकडीवरून ते चौकोन सरकतात, थांबतात, उलगडतात. एकही चेहरा दिसत नाही, आणि पोटात गोळा येतो. पुढे जळते ओंडके वगैरे येतात, ते सोडून द्या.

आणि हे सगळं खरंखुरं दाखवायचंच म्हटलं, तर इटलीतली कॅनीची लढाई दाखवावी लागेल. इ.स.पू. २१६. कार्थेजचा सेनापती हॅनिबल याने वेढलेले रोमन सैनिक इतके दाटीने चेपले गेले, की हात उगारायलाही जागा उरली नाही. दुसऱ्या सकाळी रणांगणावर काहीजण जमिनीत खड्डे करून त्यात डोकी खुपसलेले सापडले. रोमन इतिहासकार लिव्ही लिहितो, ते खड्डे त्यांनी स्वतःच खणले होते आणि तोंडावर माती ओढून जीव दिला होता. हे कुणी अगदी अचूक, शिरस्त्राणांसकट चित्रित केलं, तर मी बघेन का?

नाही बघणार. चॅनेल बदलेन.