स्नॅपशॉटवरून पोस्टग्रेसचा क्लोन उभा करताना

प्रॉडक्शनवरील, म्हणजे प्रत्यक्ष वापरात असलेल्या पोस्टग्रेस डेटाबेसमधील, सर्वांत मोठ्या टेबलची रचना बदलण्याआधी त्या बदलाची रंगीत तालीम खऱ्या डेटावर व्हावी, असा माझा आग्रह होता. डंप (सगळ्या डेटाची निर्यात) काढून तो रिस्टोअर करायचा तर अख्खी रात्र जाते. आमचा डेटा एलव्हीएमच्या (लिनक्सवर डिस्कची जागा व्हॉल्यूममध्ये वाटणारी व्यवस्था) थिन पूलमधील (लागेल तशी जागा देणारा सामायिक साठा) एकाच व्हॉल्यूमवर असल्याने मी स्नॅपशॉटचा, म्हणजे व्हॉल्यूमची त्या क्षणीची स्थिती टिपून त्यावर क्लोन चालवण्याचा, मार्ग धरला.

'एलव्हीक्रिएट' या कमांडला 'एस' हा पर्याय आणि दोन नावे दिली की काही सेकंदांत स्नॅपशॉट तयार होतो, कारण त्यात डेटाची प्रत काढलीच जात नाही. दोन्ही व्हॉल्यूम तेच ब्लॉक वापरतात आणि कोणत्याही बाजूला लिहिले गेले तरच त्या ब्लॉकपुरती वेगळी जागा खर्च होते. थिन स्नॅपशॉट आपोआप सक्रिय होत नाही, म्हणून 'एलव्हीचेंज' कमांड कॅपिटल 'के' पर्यायासह चालवली. फाइल सिस्टिम एक्सएफएस होती आणि तोच यूयूआयडी (फाइल सिस्टिमचा ओळख क्रमांक) असलेली मूळ प्रत त्याच सर्व्हरवर माउंट असल्याने नवी माउंट होईना. माउंट करताना 'नोयूयूआयडी' हा पर्याय दिल्यावर झाली.

खरे काम यानंतरचे होते. क्लोनला आपण क्लोन आहोत हे ठाऊक नसते. मूळ डेटाबेसकडे जाणाऱ्या सगळ्या वाटा त्याच्याकडे जशाच्या तशा असतात, आणि क्लोन सुरू करण्यापूर्वी त्या एकेक करून बंद कराव्या लागतात. माझ्या मते सर्वांत घातक वाट टेबलस्पेसची (काही फाइली मुख्य डेटा फोल्डरबाहेर ठेवण्याच्या जागेची) आहे. 'पीजी टीबीएलएसपीसी' या फोल्डरमधील सिमलिंक (दुसऱ्या जागेकडे नेणारे दुवे) पूर्ण पाथ धरून ठेवतात, त्यामुळे क्लोनमधील सिमलिंकही प्रॉडक्शनच्याच फाइलींकडे बोट दाखवत होती. तसाच सुरू केला असता तर दोन डेटाबेस एकाच इंडेक्सच्या फाइलींत लिहू लागले असते. ती सिमलिंक मी नव्या माउंटकडे वळवली आणि 'एलएस' ने पुन्हा तपासली.

'पोस्टमास्टर डॉट पीआयडी' ही फाइलही सोबत आलेली होती. तिच्या पहिल्या ओळीत प्रॉडक्शनच्या चालू प्रोसेसचा क्रमांक असतो, आणि ती तशीच राहिली तर पोस्टग्रेस सुरू होण्यास नकार देऊन तोच क्रमांक दाखवतो. घाईत कोणी त्या क्रमांकावर 'किल' चालवले तर प्रॉडक्शनच बंद पडेल. म्हणून आधी 'पीडब्ल्यूडी' ने मी कोणत्या फोल्डरमध्ये आहे ते पाहिले आणि मगच क्लोनमधील फाइल काढली.

कॉन्फिगरेशनमध्ये पोर्ट 5433 केला, शेअर्ड बफर्स (डेटाबेसने राखलेली मेमरी) कमी केले आणि वॉल फाइली (बदलांची आधी नोंद होते त्या लॉग फाइली) आर्काइव्हमध्ये पाठवणारा आर्काइव्ह मोड 'ऑफ' केला. क्रॅश रिकव्हरीत (अचानक बंद पडल्यावर वॉलमधून सावरताना) टाइमलाइन, म्हणजे वॉल फाइलींच्या नावातील इतिहासाचा क्रमांक, बदलत नाही, त्यामुळे क्लोनच्या वॉल फाइलींना प्रॉडक्शनच्या वॉल फाइलींचीच नावे मिळतात. त्या एकाच आर्काइव्हमध्ये गेल्या तर प्रॉडक्शनच्या बॅकअपचा भरवसा उरत नाही. 'पोस्टग्रेस' कमांडला कॅपिटल 'सी' आणि पॅरामीटरचे नाव दिले की सर्व्हर सुरू न करताही लागू होणारे मूल्य कळते. तसे पाहिले, तर उत्तर आले 'ऑन'. कोणीतरी पूर्वी 'ऑल्टर सिस्टिम' वापरले होते, आणि ते मूल्य ज्या 'पोस्टग्रेस्क्यूएल डॉट ऑटो डॉट कॉन्फ' मध्ये साठते ती फाइल शेवटी वाचली जात असल्याने तिचेच म्हणणे चालते. तिथली ओळ काढल्यावर 'ऑफ' दिसले.

मग 'पीजी सीटीएल' ने क्लोन सुरू केला. डेटाबेस नीट बंद झाला नव्हता, रिकव्हरी सुरू आहे, अशी नोंद लॉगमध्ये आली. स्नॅपशॉट म्हणजे अचानक वीज गेल्याच्या क्षणीची डिस्क, म्हणून ती येणारच. डेटा आणि वॉल वेगवेगळ्या व्हॉल्यूमवर असते आणि त्यांचे स्नॅपशॉट एकाच क्षणी घेता आले नसते, तर मात्र एवढ्यावर भागले नसते. तिथे 'पीजी बॅकअप स्टार्ट' आणि 'पीजी बॅकअप स्टॉप' यांच्या दरम्यान स्नॅपशॉट घ्यावे लागतात.

टेबलची रचना बदलताना तिचे सगळे ब्लॉक नव्याने लिहिले जात होते, म्हणून दुसऱ्या टर्मिनलमध्ये 'एलव्हीएस' मधील डेटाच्या टक्केवारीवर मी सतत लक्ष ठेवले. पूल भरला तर त्यावरील प्रॉडक्शनचे लिखाणही अडते. तालीम संपताच क्लोन थांबवला, अनमाउंट केला आणि 'एलव्हीरिमूव्ह' ने विचारलेल्या प्रश्नातील व्हॉल्यूमचे नाव दोनदा वाचून मगच 'वाय' दाबले.