झेंड्यावरचं जायफळ

नागपंचमीला आमच्याकडे चिरणं, कापणं, किसणं सगळं बंद. तवासुद्धा चढत नाही. म्हणून पुरणाची दिंडं उकडायची असली की त्यात पडणारं जायफळ आदल्या रात्रीच किसून ठेवायचं, आणि हे काम परंपरेने माझ्याकडे. २०२४ साली ती आदली रात्र म्हणजे ८ ऑगस्ट. पॅरिस ऑलिंपिकमध्ये भालाफेकीची अंतिम फेरी आपल्या घड्याळाने रात्री बाराच्या सुमारास सुरू होणार होती. मी बोटभर किसणी, वाटी आणि जायफळ घेऊन टीव्हीसमोर बसलो. आईही जागीच होती, कारण नीरज चोप्रा.

पाकिस्तानच्या अर्शद नदीमचा भाला ९२.९७ मीटरवर जाऊन रुतला तेव्हा माझं जायफळ हातातच राहिलं. नीरजने ८९.४५ टाकून रुपं धरून ठेवलं, आणि मग माझं सगळं लक्ष तिसऱ्या माणसाकडे लागलं. अँडरसन पीटर्स. हा गडी मला आधीपासून खुपत होता. २०२२ च्या जागतिक स्पर्धेत यानेच ९०.५४ मीटर फेकून नीरजला दुसऱ्या नंबरावर बसवलं होतं. आता परत मधे येतो की काय, या धास्तीने मी त्याची प्रत्येक फेक बघत होतो. तो ८८.५४ वर थांबला. चौथा आलेला याकूब वाडलेख ८८.५० वर. चार सेंटिमीटर! माझ्या हातातलं जायफळसुद्धा त्याच्यापेक्षा फार लहान नव्हतं.

"त्याच्या नावापुढे काय आहे ते? मिरची का?" आईने विचारलं.

नावाशेजारी नखाएवढा झेंडा होता. मी मोबाईलवर मोठा करून बघितला. लाल चौकट, तिच्यात पिवळे-हिरवे त्रिकोण, मधोमध तारा, आणि काठीकडच्या हिरव्या त्रिकोणात एक उकललेलं पिवळं फळ, आत लालभडक काहीतरी. कोकणात कुणाच्या सुपारीच्या बागेत जायफळाचं झाड बघितलेल्याला हे सांगावं लागत नाही. पिकलं की फळ असंच तडकतं, आतून जायपत्रीची लाल जाळी डोकावते. देश ग्रेनेडा. त्याच्या राष्ट्रध्वजावर जायफळ आहे, आणि मी ते किसत बसलो होतो.

मग झोप कुठली. हा कॅरिबियन देश ३४४ चौरस किलोमीटरचा, म्हणजे बृहन्मुंबईत आरामात मावेल. वस्ती सव्वा लाखाच्या आत. ऑक्टोबर १९८३ मध्ये तिथे अमेरिकेच्या फौजा उतरल्या आणि वर्ष उलटायच्या आत, १९८४ साली, ग्रेनेडाचा पहिलावहिला ऑलिंपिक संघ उतरला तो लॉस एंजेलिसला. नशिबाला विनोदबुद्धी असते ती अशी. ते धरून सात ऑलिंपिकं कोरडी गेली. २००४ ला अथेन्समध्ये अलेन फ्रान्सिक ४०० मीटरमध्ये चौथा आला, पदक हुकलं. दोन आठवडेच झाले असतील, आयव्हन चक्रीवादळ आलं आणि बेटावरची बहुतेक जायफळाची झाडं आडवी करून गेलं. तोवर इंडोनेशियाच्या खालोखाल जायफळ पिकवणारा देश होता हा, आणि हे झाड नव्याने लावलं तर फळ धरायला सहा-आठ वर्षं घेतं.

आयव्हननंतर आठ वर्षांनी लंडन ऑलिंपिक आलं. हा हिशेब मी उगाच जुळवतोय हे मला कळतं, पण रात्री दीड वाजता असे हिशेब जुळतात.

लंडनमध्ये चमकलेला ग्रेनेडाचा मुलगा म्हणजे किरानी जेम्स. हे नाव ऐकून आई म्हणाली, "किराणी? किराणामालाचं दुकान असेल त्यांचं." मला दुकानाचं ठाऊक नाही, पण गाव ग्वाव्ह, कोळ्यांचं, आणि तिथे जायफळ निवडून-वाळवून पोत्यात भरायचं मोठं केंद्र आहे. वय १९, ४०० मीटर ४३.९४ सेकंदात. अमेरिकेबाहेरच्या कुणीही तोवर ४४ सेकंदांच्या आत ही शर्यत धावली नव्हती. देशाचं पहिलं पदक, तेही थेट सोनं. दुसऱ्या दिवशी अर्ध्या दिवसाची सुट्टी जाहीर झाली. मला मात्र त्या सोन्यापेक्षा आदल्या दिवशीची उपांत्य फेरी आवडते. शर्यत संपल्यावर किरानी शेवटी आलेल्या ऑस्कर पिस्टोरियसकडे गेला, कृत्रिम पायांवर धावणाऱ्या त्या माणसाच्या छातीवरची नावाची पट्टी मागून घेतली आणि आपली त्याला दिली. पिस्टोरियस पुढे प्रेयसीच्या खुनात दोषी ठरला, ते जगाला माहीत आहे. पण त्या संध्याकाळी एकोणीस वर्षांच्या पोराला जे सुचलं ते सुचलंच.

पुढे रिओत रुपं, टोकियोत कांस्य. पॅरिसमध्ये, भालाफेकीच्या आदल्याच रात्री, तो ४३.८७ धावला. म्हणजे लंडनच्या सोन्यापेक्षा वेगात. आणि आला पाचवा! धावण्याच्या शर्यतीत वय वाढतं ते असं, आपण तेच राहतो आणि भोवतालचे पुढे सरकतात.

पॅरिसच्या महिनाभर आधी, १ जुलैला, बेरिल वादळाने ग्रेनेडाचं कॅरिआकू बेट झोपवलं होतं. त्याच उन्हाळ्यात लिंडन व्हिक्टरने दहा खेळांच्या डेकॅथलॉनमध्ये ८७११ गुण मिळवून कांस्य आणलं, आणि पाच दिवसांनी पीटर्सने दुसरं. लोकसंख्येच्या मानाने पदकांत ग्रेनेडा जगात पहिला. त्या हिशेबाने भारताला पंचवीस हजारांच्या घरात पदकं लागतील, आणि पॅरिसमध्ये तेवढी वाटलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी दिंडं झाली, तूप ओतून खाऊन झाली. पदकं देतानाचं दृश्य लागलं तेव्हा आई उरलेलं गार दिंड चघळत होती. तीन झेंडे वर चढले. मला सवयीने तिरंगा शोधायचा होता, पण नजर आधी त्या हिरव्या त्रिकोणाकडे गेली.

आई बघत राहिली, मग म्हणाली, "वेलदोड्याचा झेंडा कुणाचा असतो का रे? बघ जरा मोबाईलवर."