परसातल्या मधपेटीचा पावसाळी शिधा

नागपूरचा उन्हाळा सोसल्यावर पावसाळा माणसांना सुखाचा वाटतो; माझ्या परसातल्या सातेरी, म्हणजे पेटीत पाळता येणाऱ्या देशी, मधमाश्यांसाठी मात्र ते उपासाचे दिवस असतात. कडुनिंबाचा मोहोर कधीच सरलेला असतो, तुरीला फुले यायला अवकाश असतो, आणि जी थोडी फुले उमलतात त्यांतला मकरंद पाऊस धुऊन नेतो. म्हणून जुलैच्या अखेरीस मी पेटी मागच्या बाजूने बोटभर उचलून पाहतो आणि ती हलकी लागली, की पाकाच्या तयारीला लागतो.

पाणी उकळून आचेवरून उतरवायचे आणि मगच त्यात तितक्याच वजनाची पांढरी साखर विरघळवायची, कारण करपलेली साखर माश्यांना बाधते. गूळ स्वस्त पडतो, पण त्याने त्यांना हगवण लागते. गार झालेला पाक बरणीत भरून, झाकणाला बारीक खिळ्याने सात-आठ छिद्रे पाडून, बरणी पोळ्यांच्या लाकडी चौकटींवर, वरच्या रिकाम्या कोठीत (कप्प्यात) उपडी ठेवतो. सुरुवातीला चार थेंब गळतात, मग गळती थांबते, आणि थोड्याच वेळात प्रत्येक छिद्राशी एकेक माशी सोंड लावून बसलेली दिसते.

हे काम दिवस मावळल्यावरच करावे, हे मी दुसऱ्या वर्षी नुकसान सोसून शिकलो. भरदुपारी माझ्या हातून वाटीभर पाक पेटीच्या दाराशी सांडला आणि तासाभरात दुसरीकडच्या माश्या लुटीला आल्या. दाराशी एकमेकींना कवटाळून लोळणाऱ्या जोड्या दिसत होत्या. संध्याकाळी तळपाटावर मेणाचा भुगा पडला होता आणि मधाच्या घरांच्या कडा कुरतडलेल्या होत्या. तेव्हापासून पाक देण्याच्या दिवसांत दार एकच माशी जाईल इतके अरुंद करतो आणि स्टँडच्या पायांखाली मुंग्यांसाठी पाण्याच्या वाट्या ठेवतो.

शेजारच्या आजींनी एकदा विचारले, "काऊन जी, साखरच चारता, तर तो मध कसला?" प्रश्न रास्त होता. माश्या पाकही आटवून घरांत भरतात आणि वर मेणाचे झाकण लावतात, पण तो मध नव्हे. त्यामुळे मधकोठी, म्हणजे आपण मध काढतो तो वरचा कप्पा, काढून ठेवल्याशिवाय मी बरणी लावत नाही, आणि पाकावर भरलेल्या चौकटी त्यांच्याच पोटासाठी राहू देतो.

गेल्या वर्षी दसऱ्याच्या आठवड्यात बरणी दोन दिवस तशीच भरलेली राहिली आणि दाराशी पायांवर पिवळे परागकण घेऊन येणाऱ्या माश्यांची रांग लागली. मी बरणी उतरवून धुतली.